भिंत आली

"चला ऑडिटर, भिंत आली."

उताराचा तळ जवळ आला की तो हे म्हणायचा, आणि म्हणता म्हणता दोन्ही स्की आडव्या घालून थांबायचा. समोर लाल गादी लावलेली भिंत. दुबईत छपराखालचा बर्फ ज्यांनी पाहिलाय, त्यांना अशी भिंत आठवत असेल. तिच्या वरच्या काचेतून मॉलमधली माणसं कॉफी पीत आपल्याकडे बघत असतात. टाकीतले मासे बघावेत तसे.

मी ऑडिटर नाही. एका गोदामाचे अकाउंट्स बघतो. पण प्रत्येक फेरीनंतर मी बुटांचे क्लिप पुन्हा तपासतो, म्हणून त्यानं ठेवलेलं हे नाव. मी त्याला मॅनेजर म्हणायचो, आणि ते खरंच होतं. एका हॉटेलच्या तळघरात बँक्वेट हॉल होता, त्याचा तो मॅनेजर. हॉलला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की अंधार पडलाय, हे बघायला त्याला लिफ्टनं वर यावं लागे.

तो मूळचा वसईचा. घरचा धंदा मासळीचा. "मला वास सोसायचा नाही," असं तो सांगे, म्हणून हॉटेलात शिरला आणि तरुणपणी काही हिवाळे गुलमर्गच्या हॉटेलात काढले. तिथल्या पोरांबरोबर स्की शिकला. मी कॉलेजात असताना मनालीला कोर्स केला होता. इंटरनॅशनल सिटी या दुबईतल्या वस्तीत आमच्या बिल्डिंगा शेजारी. दर शनिवारी सकाळी त्याच्या गाडीतून आम्ही जायचो, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना मागच्या सीटवर लोकरीच्या टोप्या असायच्या. त्याची बायको वरच्या गॅलरीतून बघून म्हणायची, "निघाले एस्किमो."

म्हणजे आम्ही नवशिके नव्हतो. तरी एका शनिवारी तो म्हणाला की आपण शिकवणी लावू या. मला वाटलं चेष्टा करतोय. मग गाडीत त्यानं खरं सांगितलं. जॉर्जियातल्या डोंगरात एका हॉटेलला मॅनेजर हवा होता. पाहुण्यांना घेऊन उतारावर जाणारा. मालक आधी डोंगरावर बोलावून स्की बघणार, मगच नोकरी देणार.

"या तळघरातून निघायचा हा शेवटचा चान्स," तो म्हणाला. "पन्नाशीनंतर कोण बोलावतंय, बाबा?"

मी सवयीप्रमाणे हिशेब मांडला. त्याच्या नोकरीवरच बायकोचा आणि मुलाचा दुबईतला व्हिसा. मुलाची बारावी. तिकडचा पगार कमी. मी सांगितलं, गणित बसत नाही. तो म्हणाला, ते मलाही येतं.

शिकवायला किर्गिझस्तानची एक मुलगी होती. तिनं आम्हाला दोन-तीन फेऱ्या मारायला लावल्या, आणि मग जे सांगितलं ते ऐकून आम्हाला राग आला. तिचं म्हणणं असं, की तुम्ही वरून छान येता, नडग्या बुटाला टेकलेल्या, वजन पुढे. आणि अर्ध्याच्या पुढे कुठेतरी दोघेही खुर्चीत बसल्यासारखे मागे बसता. मॅनेजर म्हणाला, भिंत येते ना, थांबायला नको? ती म्हणाली, भिंत अजून लांब असते.

पटेना, तेव्हा तिनं एक केलं. नेहमीसारखी मोठी वळणं घ्यायची नाहीत, लहान लहान घ्यायची. आम्ही निघालो. उताराच्या मध्यावर, समोर मोकळा बर्फ पसरलेला असताना, मी मागे बसलो. शेजारी बघितलं तर तोही मागे बसलेला, स्की आडव्या, आणि तोंड उघडं. नेहमी जेवढी वळणं घ्यायचो, तेवढी मध्यावरच संपली होती. इतक्या वर्षांत पायांनी भिंतीपर्यंतची वळणं पाठ केली होती, आणि तेवढी झाली की ते भिंत असो नसो थांबत होते.

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं हातमोजा काढला आणि गुडघ्यावरून हात फिरवला, दुखतंय तसा.

"गुलमर्गला मी असा नव्हतो," तो म्हणाला.

नंतरच्या प्रत्येक शिकवणीला तो तेच करत राहिला. लहान वळणं, मोठी वळणं, कधी लहान-मोठी मिसळून. मधेच मागे बसायचा, स्वतःला वसईकडची शिवी द्यायचा, लिफ्टनं वर जायचा. मुलगी म्हणाली, एवढ्या वर्षांचं आहे, जाईल हळूहळू. पण हळूहळू जायला त्याच्याकडे वेळ नव्हता, आणि व्हिशाचं कोडं तसंच होतं. एका शनिवारी गाडीत बसताना तो म्हणाला, खलास, जॉर्जियावाल्यांना 'नाही' म्हणून कळवतो. गाडी चालू करेना, नुसता स्टिअरिंग धरून बसला.

बिल्डिंगचं दार उघडून त्याची बायको गाडीच्या खिडकीशी आली. ती डब्यात सँडविच घेऊन आली होती. तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि त्याला म्हणाली, "शाळेच्या ऑफिसात मला आता फुलटाइम देतायत. माझा व्हिसा शाळा करेल, मुलाचा माझ्यावर घेते. मी विचारून आले."

तो म्हणाला, "आणि त्याची बारावी?"

"त्याला विचारलं. म्हणाला, डॅड शुड जस्ट गो." मग खिडकीत वाकून, "घरातसुद्धा तू भिंत आली, भिंत आली करत फिरतोस. झोपेतसुद्धा. मला नाही ऐकवत आता."

त्यानं गाडी चालू केली, एसी लावला.

तो चाचणीसाठी जॉर्जियाला गेला तेव्हा पायांची सवय गेलेली नव्हती. एअरपोर्टवर मला मिठी मारून म्हणाला, "ऑडिटर, मागे बसलो तर परत येतो. शनिवार मोकळा ठेव."

चाचणीच्या दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला, सोबत एक शब्द नाही. मी तो इथल्या उताराखालच्या बाकावर, पायात बूट चढवून बघितला. केवढा तरी डोंगर. कुंपण नाही, खांब नाही, छत नाही. वरून एक काळा ठिपका येतो, वळत वळत मोठा होतो, तो हा. मी नकळत वळणं मोजू लागलो. आमची वळणं संपली आणि तो मागे बसला. स्की आडव्या झाल्या. एवढ्या मोकळ्या पांढऱ्यात, कशासमोरच नसताना, तो जवळजवळ थांबला. मग नडग्या पुढे टेकल्या. तो कॅमेऱ्याच्या बाजूनं निघून खाली गेला, पुन्हा ठिपका झाला, आणि व्हिडिओ काढणारा त्याला दाखवता दाखवता कंटाळून थांबला.

नोकरी मिळाली. शनिवारी आता मी बसनं जातो. बूट चढवतो, क्लिप तपासतो, वरून निघतो. तळ जवळ आला की शेजारून आवाज येत नाही. भिंत अजून लांब असते, मला ती दिसत असते, आणि मी मागे बसतो.