इराचा पहिला दात

वसुंधराताई अन्नपूर्णा भागातल्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची नात इरा पंधरा महिन्यांची झाली, तरी तोंडात एकही दात नव्हता.

सून सुरुची सांवेर रोडवरच्या कारखान्यात इंजिनीअर. इरा सहा महिन्यांची असताना ती परत कामावर गेली, ते वसुंधराताईंना पटलं नव्हतं. एकदा शेजारच्या मंगलाताईंना त्या म्हणाल्या, "आई दिवसभर फॅक्टरीत. डब्याच्या दुधावर दात कुठून येणार जी?" सुरुचीने आतून ऐकलं. तेव्हापासून ती इराला चारचौघांत न्यायचीच बंद झाली.

शेवटी दोघी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "घर में किसी के दाँत देर से आए थे?"

"माझ्या माहेरी नाही," सुरुची म्हणाली. "आई, शार्दूलचे?"

"छे, त्याचे वेळेवर आले."

ते खोटं होतं. शार्दूलला, त्यांच्या मुलाला, पहिला दात सोळाव्या महिन्यात आला होता. त्यांच्या सासूबाई, आनंदीबाई, तेव्हा आल्यागेल्याला सांगत, "हिच्या दुधातच कस नाही." न्हाणीघरात कोंडून घेऊन वसुंधराताई रडल्या होत्या. आणि आता त्यांनी सुनेबद्दल तेच म्हटलं होतं. ते कबूल करायला जीभ उचलेना.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये इराची शीर सापडेना. दोनदा सुई टोचली. रडून रडून पोरगी काळीनिळी झाली. तिसऱ्यांदा सुई पुढे आली, तशा वसुंधराताई सुई टोचणाऱ्या भाऊंना ओरडल्या, "भिया, थांबा!"

मग सुनेकडे न बघता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सुरुची बराच वेळ इराला थोपटत राहिली. "मला रोज वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला माहीत होतं."



दोघी परत डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं. बाकी वाढ चांगली आहे, घरातच असं आहे, तर अठराव्या महिन्यापर्यंत वाट बघू, म्हणाले. वसुंधराताई त्याच संध्याकाळी मंगलाताईंकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून आल्या. "अरे, इतनी सी बात!" म्हणून मंगलाताई हसल्या. वसुंधराताईंना हसू आलं नाही.

सतराव्या महिन्यात इराला खालचा दात आला. सुरुचीने तो शार्दूलला दाखवला, माहेरी फोन करून सांगितला. वसुंधराताईंना कळला तो दुसऱ्या दिवशी, वरणभात भरवताना बोटाला लागला तेव्हा. मला का नाही सांगितलंस, असं त्यांनी सुनेला विचारलं नाही.