निंबाला टांगलेला क्रँक

ओझरच्या रस्त्याला गेनूभाऊंचं गॅरेज होतं आणि गॅरेजपुढे एक निंब. त्या निंबाच्या आडव्या फांदीला दोर बांधून गेनूभाऊ क्रँक टांगायचे आणि लहानशा हातोडीने त्यावर टोला द्यायचे. क्रँक म्हणजे इंजिनातला तो वाकडातिकडा पोलादी दांडा. वर-खाली होणाऱ्या पिस्टनांचा जोर फिरता करून तो चाकांकडे पाठवतो. धड असला तर घंटेसारखा वाजतो आणि बराच वेळ वाजत राहतो. कुठे बारीक चीर असली तर आवाज बसतो. विघ्नहराला निघालेले बाहेरगावचे लोक तो नाद ऐकून गाडीतूनच हात जोडायचे. गेनूभाऊही हात वर करून त्यांना आशीर्वाद द्यायचे. म्हणायचे, "त्येंचं समाधान व्हतंय, आपलं काय जातंय?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, महाळुंगे पडवळला शेती बघायचा आणि उरलेल्या वेळात शर्यतीची स्वप्नं बघायचा. त्याच्याकडे एक जुनी लाल गाडी होती. पुण्याजवळच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत त्याने नाव दिलं होतं, आणि त्याच आठवड्यात इंजिन खडखडायला लागलं. सगळं उघडून नव्याने बांधायचं ठरलं. दादा भेटेल त्याला सांगत होता, "आपली बहीण इंजिनिअर आहे." तोवर मी स्वतःच्या हाताने उघडलेली सगळ्यात गुंतागुंतीची वस्तू म्हणजे कंपासपेटी.

मी पुण्यात मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता यायचं. कुणी काही विचारलं की मी आधी मान हलवायची आणि मग, तो माणूस निघून गेल्यावर, उत्तर तयार करायची. पण कागदावर मी शूर होते. सायबर कॅफेत दोन दुपारी बसून मी क्रँकच्या निवडीवर पाच पानांचा तक्ता केला आणि त्याला स्पायरल बाइंडिंगही करून घेतलं.

पर्याय तीन होते. पहिला, गाडीचा स्वतःचा क्रँक. तो दोनदा घासून झालेला, आणखी एकदाच घासता येईल एवढं अंग त्याच्यात शिल्लक. दुसरा, भंगारात निघालेल्या तशाच इंजिनातला, कधीही न घासलेला. तिसरा, दादाच्या पुण्याच्या मित्राने परदेशातून मागवलेला आणि आम्हाला वापरायला दिलेला. हा चकचकीत, आणि पिस्टनची वर-खाली धाव चार मिलिमीटरने वाढवणारा. धाव वाढली की ताकद वाढते. मी तिन्हींना गुण दिले आणि तिसऱ्याला पहिला नंबर. खाली ठळक अक्षरांत निष्कर्षही लिहिला.

गेनूभाऊंनी तक्ता उलटसुलट केला, पान दोन बोटांत चोळलं. "कागद झ्याक हाय," ते म्हणाले. "पर कागद गरम व्हत न्हाई ताई. इंजिन व्हतं."

बाकावर ट्रॅक्टरच्या कामासाठी आलेले दोघे बसले होते. त्यांची करमणूक सुरू झाली.

गेनूभाऊंनी माझ्या निष्कर्षाला नाही म्हटलं नाही. त्यांनी तो चकचकीत क्रँक उघड्या इंजिनात बसवला, एक पिस्टन जोडला आणि माझ्याकडून स्टीलची पट्टी मागून घेतली. पिस्टन जिथे वर येऊन थांबायचा त्या तोंडावर ती आडवी ठेवली. "फिरवा."

मी पान्याने क्रँक फिरवला. पिस्टन वर आला, आणखी वर आला, आणि माझी पट्टी उचलून घेऊन बाहेर डोकावला.

"किती?"

"दोन मिलिमीटर," मी म्हणाले.

"मंग झाकन कुटं बसवायचं? निंबावर?"

बाकावरचे दोघे खो खो हसले. धाव चारने वाढली की पिस्टन दोनने वर येणार आणि दोनने खाली जाणार, हे चाराचं निम्मं मला पाच पानांत कुठेच सापडलं नव्हतं. "ह्याला बुटकं पिस्टन लागत्यात," गेनूभाऊ दादाला म्हणाले. "ते जुन्नरात न्हाई, पुन्यात न्हाई, आन तुमची शर्यत पंधरा दिसांवर." मग माझ्याकडे वळून, हसू आवरत, "इंजिनेरबाई, च्या घ्या."

मी चहा घेतला आणि उरलेलं आयुष्य न बोलता काढायचं ठरवलं.

जे लोक बोलत नाहीत ते बघत बसतात. त्यानंतरचे तीन दिवस मी निंबाखाली स्टुलावर बसून गेनूभाऊंकडे बघत होते. काकू, म्हणजे त्यांची बायको, जेवायला बोलवायला यायच्या तेव्हा आधी त्यांच्या खांद्याला हात लावायच्या, मग बोलायच्या. मागून टेम्पोने हॉर्न दिला तरी गेनूभाऊ वळायचे नाहीत. गिऱ्हाईक बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतो माणूस. मीही लोकांच्या तोंडाकडेच बघते, डोळ्यांकडे बघायचा धीर होत नाही म्हणून. त्यामुळे मला ते आपल्यातलेच वाटले, एवढंच. पुढचा विचार मी केला नाही. हुशार मुलगी होते मी.

चौथ्या दिवशी त्यांनी भंगारातला क्रँक रॉकेलने धुऊन निंबाला टांगला. एका हाताच्या बोटांत दोर धरला, डोळे मिटले आणि टोला दिला. मला डब्यावर चमचा पडल्यासारखं बसकं ऐकू आलं. त्यांनी दुसऱ्या टोकाला टोला दिला. पुन्हा तेच. गेनूभाऊंनी डोळे उघडले.

"गातोय," ते म्हणाले. "ह्योच घालू."

"घाला मग," दादा म्हणाला. "बसला की आधी आहुप्याच्या रस्त्यावरचा घाट चढवून बघतो. तिथं टिकला तर शर्यतीत टिकला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात टेम्पोचा हॉर्न, काकूंचा हात आणि त्यांच्या बोटांतला दोर एकत्र आले. त्यांना ऐकू येत नव्हतं. दोर किती थरथरतो त्यावरून ते अंदाज बांधत होते. आणि मला ऐकू येत होतं. तो क्रँक घाटात, वळणावर, पूर्ण वेगात तुटला तर गाडीत दादा असणार होता.

मला बोलायला हवं होतं. पण चारच दिवसांपूर्वी माझी पट्टी पिस्टनने उचलली होती. आणि समोर तालुक्यात नाव असलेला माणूस होता. त्याने बांधलेलं इंजिन कधी परत आलं नव्हतं. मी मनात वाक्य तयार केलं. मग ते जास्त उद्धट वाटलं म्हणून दुसरं केलं. तोवर गेनूभाऊ दोराची गाठ सोडायला लागले होते.

"काका," मी म्हणाले, "हा वाजत नाही."

माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, म्हणजे मलाच जेमतेम ऐकू आलं. त्यांनी फक्त माझे ओठ हललेले पाहिले.

"काय म्हनताय?"

"हा वाजत नाही."

"आं?"

"हा वाजत नाही!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. निंबावरचे कावळे उडाले, बाकावरचे दोघे उठून उभे राहिले, काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दादा माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच बिघडलेय.

गेनूभाऊ मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी मान खाली घातली.

त्यांनी क्रँक खाली उतरवला, पुन्हा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, बाहेर काढून कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड भुरभुरली. आम्ही सगळे उकिडवे बसून बघत होतो. थोड्या वेळाने एका कोपऱ्यात, गोल भाग जिथे बाजूच्या चपट्या पाखाला मिळतो तिथे, पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"आयला," बाकावरचा एक जण म्हणाला, "गेनूभाऊ, तुमी तर गातोय म्हनला व्हता!"

ते सहज म्हणू शकले असते की पोरीची परीक्षा बघत होतो. मीच ते म्हणाले असते. माझ्याकडे अशा सबबींचा साठाच असतो. गेनूभाऊंनी हात पुसले.

"मला ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले. "दोन वरसं झाली. लई कमी येतंय."

मग दादाने विचारलं, "आता कुठला घालायचा, भाऊ?" आणि मला त्याचा फार अभिमान वाटला, कारण प्रश्न त्यांनाच विचारला होता, मला नाही.

"तुमचा सोताचाच. एक डाव घासू. कोपरे गोल ठिवायला मी जातीनं उभा ऱ्हातो, म्हंजी चीर धरायची न्हाई." घासून आल्यावर त्यांनी तो टांगला, आणि या खेपेला दोर सोडून माझ्याकडे बघत टोला दिला. तो वाजला. मी मान हलवली. शर्यतीत दादा शेवटून तिसरा आला, पण गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली.

नंतर माझ्या पुण्यातल्या हॉस्टेलवर फोन यायला लागले. काकू फोन धरायच्या, गेनूभाऊ क्रँक वाजवायचे, मी "चांगला" किंवा "नको" म्हणायचे आणि काकू त्यांना खूण करायच्या. गिऱ्हाइकांना ते उघडच सांगायचे, "थांबा, पुन्याला इचारतो." रूममेट्सना वाटायचं, घरचे रोज आरती ऐकवतात. पुढे मला नोकरी लागली तरी हे चालूच राहिलं, चार-पाच वर्षं.

मग एकदा ऑफिसात असताना फोन आला. आवाज काकूंचा नव्हता.

"गेनू बोलतोय. आज काय टांगल्यालं न्हाई. ग्यारेज बंद केलं कालच्याला. तब्येत बरी नसती. उगंच केला फोन. बोल काय तरी."

मी हळू आवाजात विचारलं, कसे आहात.

"आं?"

सगळं ऑफिस शांतपणे कॉम्प्युटरसमोर बसलं होतं. बाहेर जिना होता, मला उठून तिकडे जाता आलं असतं. मी खुर्चीतच बसून राहिले आणि जोरात, एकेक शब्द सुटा करून, सांगायला लागले: की मी बरी आहे, की डब्यात भेंडी होती, की साहेब खडूस आहे. साहेबांनी मान वर केली. गेनूभाऊ मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होते. त्यातलं त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. मी पंधरा मिनिटं बोलत राहिले.