कापणाऱ्या शब्दाच्या पोटात

मार्चमध्ये ओस्टरलेनच्या समुद्रकाठच्या सफरचंदाच्या बागा उघड्याबोडक्या असतात, आणि गेली सेहेचाळीस वर्षं त्या दिवसांत गुनवोर शिडीवर असते. तिच्या हातचं झाड लांबूनही ओळखू येतं. फांद्यांमधून टोपी भिरकावली तर कुठेही न अडकता पलीकडे पडावी, अशी तिची छाटणी. तीन फांद्या कापायच्या, खाली उतरायचं, झाडाभोवती एक फेरी मारायची, मगच पुन्हा चढायचं.

"अगं, जूनमधला मिडसमरचा फेराचा नाच अजून लांब आहे," बागेचा मालक सिक्सटेन चिडवायचा.

"तुझी झाडं मी नाचवते, म्हणून तू जेवतोस," ती वरूनच म्हणायची.

कापणं म्हणजे तिच्या भाषेत शॅरा. पाव कापायचा, तो शॅरा. खर्चाला कात्री लावायची, तीही शॅरा. दूध नासलं, तरी ते 'कापलं'च. आणि झाडाची छाटणी म्हणजे बेशॅरा. हा शब्द ती आपल्या मालकीचा समजायची.

तिची थोरली बहीण एल्ना लग्न करून इंग्लंडला गेली होती. मूल झालं नाही, म्हणून तिने हेदरला दत्तक घेतलं. जानेवारीत एल्ना गेली. आपली रक्षा गावच्या चर्चच्या आवारात पुरावी ही तिची इच्छा. त्यासाठी पन्नाशीला आलेली हेदर कलश घेऊन मावशीकडे उतरली होती. विधी शनिवारी होता.

गुरुवारी सकाळी हेदर शिडीखाली येऊन उभी राहिली. "मावशी, बेशॅरा म्हणजे काय गं?"

गुनवोरचं इंग्रजी मोडकंतोडकं. पण विचारला तो नेमका हाच शब्द! तिचा चेहरा फुलला. तिने करवत चालवली आणि मनगटाएवढी फांदी हेदरच्या पायाशी पाडली.

"हे! हे बेशॅरा. नको ते. कापते, टाकते."

हेदर पांढरीफटक पडली. "माझ्या शब्दकोशातही हेच आहे," एवढंच बोलून ती घराकडे वळली.

तासाभरात सिक्सटेन धापा टाकत आला. "उतर खाली! तुझी भाची बॅग भरतेय. कलश तुझ्याकडे ठेवून आजच निघते म्हणते. हे बघ."

हेदरने त्याच्या हाती दिलेला फोटो होता. एल्नाच्या मांडीवर तान्ही हेदर. मागे एल्नाच्या अक्षरात एकच ओळ: तू मला बेशॅर्ड झालीस.

गुनवोरसाठी अर्थ सरळ होता: तू माझ्या वाट्याला आलीस. वरून मिळालीस.

"तिने शब्दकोशात मूळ शब्द शोधला," सिक्सटेन म्हणाला. "तिला वाटतंय, आईने लिहिलंय, तू माझ्यापासून छाटली गेलीस."

"आणि मी वर फांदी पाडून दाखवली!"

"हातात करवत असली की तुला दुसरं सुचतं कुठे."

गुनवोरला हसू आलं नाही. छाटलेल्या फांदीला ती बेस्कूरेन म्हणायची, लाभलेल्याला बेशॅर्ड. रूपं वेगळी, म्हणून दोघांची गाठ तिच्या मनात कधी पडलीच नव्हती. पण मुळाशी जावं तर अक्षर न् अक्षर तेच. इतकी वर्षं ती दिवसातून शंभरदा जे बोलली, त्याच्या पोटात हे देणं निमूट बसून होतं. तिने वर पाहिलं. कापलेल्या जागेतून आभाळ उतरत होतं, आणि ते उतरावं म्हणूनच तर ती कापत आली होती.

"लाभण्याला इंग्रजीत काय म्हणतात रे?"

"ग्रँटेड."

घरापर्यंत ती तो शब्द घोकत गेली. हेदरच्या अंगात कोट होता.

"फांदी चूक," गुनवोर म्हणाली. "मी चूक. एल्ना मागते. वर्षं वर्षं मागते. मग तू. ग्रँटेड. तू, एल्नाला."

हेदर म्हणाली, "एकाच शब्दाचे हे दोन अर्थ?"

"एकाच."

"आणि दिलं कुणी मला?"

गुनवोरने ओळ पुन्हा वाचली. मिळालं कुणाला ते होतं, मिळालं कोण तेही होतं. देणाऱ्याला मात्र त्या वाक्यात जागाच नव्हती.

"शब्द सांगत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. देवळात बोलावं तसं.

हेदरने तिच्या हातून फोटो घेतला. मग कोटाची बटणं एकेक करून सोडली.

"शनिवारी कलश मी उचलणार," ती म्हणाली.