दीड महिना आधी आलेला फोटो

स्पष्टच सांगते, या सदरातले निम्मे अनुभव वाचून मला हसू येतं. उलटे पाय, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... भुतांनाही नवीन काही सुचत नाही का? माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे मराठी लिहायची सवय नाही, आणि चारचौघांत बोलायची तर त्याहून नाही. तरी लिहितेय, कारण माझ्या अनुभवात भूत नाही. एक म्हैस आहे.

चिकलठाणा एमआयडीसीत आमचं ऑफिस होतं. पैसे लावून खेळायच्या ॲप्सवर तेव्हा बंदी आली नव्हती. एका रमी ॲपचं कंप्लायन्स आम्ही बघायचो. म्हणजे दोन कामं — खेळणाऱ्याचा पैसा काळा नाही ना हे तपासायचं, आणि जो खेळाच्या आहारी गेलाय त्याला थांबवायचं. दुसरं काम मुख्यतः भिंतीवरच्या पोस्टरवर होतं. तिथे एक हसरं कुटुंब होतं आणि खाली ‘जबाबदारीने खेळा’.

स्वतःचं खातं बंद करायचं असेल तर नियम असा : कागदावर तसं लिहायचं, त्या दिवशीची तारीख घालायची आणि कागद चेहऱ्याशेजारी धरून फोटो पाठवायचा. असे फोटो मी तपासायचे.

एका दुपारी असा एक आला. चाळिशीचा माणूस, मागे गोठा. गोठ्यात एकच म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका, बाजूला पाच रिकामे खुंटे. तारीख होती दीड महिना पुढची! लोकांना आजची तारीखही लिहिता येत नाही, असं मनात म्हटलं. मोबाईल नंबर टाकून पाहिला तर त्या नंबरावर खातंच नव्हतं. ‘तारीख चुकीची’ हे कारण निवडून मी तिकीट, म्हणजे त्या अर्जाची नोंद, बंद केलं.

दहा दिवसांनी त्याच नंबरावर नवीन खातं उघडलं. कैलास, फुलंब्री, दूधव्यवसाय. खेळात लावलेली रक्कम भराभर वाढली म्हणून फाईल माझ्याकडे आली. पैसा कुठून येतो याचा पुरावा म्हणून त्याने गोठ्याचा फोटो जोडला होता. सहा म्हशी. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका.

मी जुनं तिकीट काढून आमच्या टीम लीडला, हर्षलला, दाखवलं. तो मला ‘सायलेंट मोड’ म्हणायचा.

“अरे वा, सायलेंट मोड बोलली! सर्व्हरची गडबड असेल ना यार.”

“सर्व्हर बरोबर आहे, मी विचारलं. आणि सर... त्याने दोन्ही हातांनी कागद धरलाय. फोटो कोणी काढला?”

“म्हशीने काढला असेल!” सगळा फ्लोअर हसला.

“म्हैस फोटोत आहे,” मी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

मग पावत्या यायला लागल्या. पिशोरच्या बाजारात एक म्हैस विकली. आठ दिवसांनी दुसरी. मग तिसरी. हर्षल प्रत्येक पावतीवर खूश. “काय क्लीन पैसा आहे बघ! स्टॅम्पसकट!” पाचव्या पावतीनंतर त्याने कैलासला बोनस देऊन ‘खास ग्राहक’ करायचं ठरवलं. माणूस गोठ्यासकट बुडत होता आणि आमच्याकडे त्याची कागदपत्रं पूर्ण होती. मीसुद्धा पाचही पावत्यांवर टिक केली होती. तेव्हा तुच्छता फक्त हर्षलबद्दल वाटते असं म्हणणं खोटं होईल.

फोटोवरची तारीख उजाडली. सकाळी अकराला मी जुनं तिकीट पुन्हा उघडलं. चेहरा जुळला. तारीख — आजची. सिस्टीमला आणखी काही नको होतं. मी मंजूर केलं. खातं सहा महिन्यांसाठी बंद.

हर्षल धावतच आला. “कस्टमरने मागितलं का तुझ्याकडे?”

“मागितलंय. आजच्या तारखेचा अर्ज आहे. फक्त लवकर आला.”

“वेडी झालीस का? उघड परत!”

“सहा महिने कोणालाच उघडता येत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय.”

खातं बंद केल्यावर ग्राहकाला फोन करावा लागायचा. मला त्या फोनची कायम भीती वाटायची. त्या दिवशी हर्षल शेजारी उभा असताना लावला.

“व्हय, बोला मॅडम.”

“तुमच्या विनंतीवरून खातं बंद केलंय.”

“तुम्हाला कोणी सांगितलं? कागद आत्ता हातात घेतलाय मी. घरात पेनच सापडंना.”

“तुमचा फोटो आलाय.”

“कसला फोटो? फोटो काढायला हाय कोण इथं? बायको पोरं घेऊन माहेरी गेलीय. मी हाय, ही एक म्हैस हाय, आन् भायेर टेम्पो घेऊन व्यापारी बसलाय. म्हणलं, पेन नाय सापडला तर देऊन टाकू हिला. शेवटचा डाव.”

आमच्या ठरलेल्या संवादात पुढचं वाक्य होतं : ‘आपला दिवस शुभ असो.’

मी म्हणाले, “भाऊ, डाव लावता येणार नाही आता. व्यापाऱ्याला परत पाठवा.”

त्याने फोन ठेवला नाही. लांबून त्याचा आवाज आला, “जा बाबा, नाय इकायची.” कोणीतरी शिवी दिली. मग टेम्पो सुरू झाल्याचा आवाज.

पुढे बंदी आली, ऑफिस बंद पडलं, मी लॅपटॉप परत केला. तो फोटो कोणी काढला, मला आजही माहीत नाही. ‘नक्कीच एआय असेल’, ‘कुलदेवतेचा कौल असेल’ हे मला कळवू नका. दोन्ही ऐकून झालंय. त्याने तो कागद शेवटपर्यंत लिहिलाच नाही. आणि टेम्पो रिकामा गेला.