भाजी काय केली?

गंगापूर रोडने धरणाकडे पळणाऱ्या आम्हा चार-पाच जणींचा एक नियम आहे. चढ लागला की पुढची ओरडते, "भाजी काय केली?" उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. "मेथी आणली होती, पण सासूबाईंना चालत नाही म्हणून बटाटाच केला," असं कुणी म्हणालं की ती ठीक आहे. नुसतं "मेथी" आलं, की तिचा दम संपलाय आणि सगळ्यांनी हळू व्हायचं. कुणी कुरकुरत नाही. लांब पळायचं तर एवढं करावंच लागतं.

तिथून घर, डबे, आणि मग ऑफिस. तिथे मी एका सॉफ्टवेअर टीमची लीड. आम्ही एजाइल पद्धतीने काम करतो, म्हणजे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून, आणि रोज सकाळी उभ्याउभ्या एकमेकांना सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. या तुकड्याचं नाव स्प्रिंट. हे नाव ठेवणारा आयुष्यात कधी पळाला नसावा. स्प्रिंट मारली की माणूस गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतो. आमची एक संपली की त्याच दुपारी दुसरी सुरू. मला तर आता वैतागायचाही कंटाळा येतो.

टीममध्ये पेठ तालुक्यातला एक टेस्टर होता. भारी बोलका. काम कुठे अडलंय हे सांगता सांगता गावच्या एसटीपर्यंत पोहोचायचा आणि आम्हीच "पुरे रे बाबा" म्हणायचो. गेले काही महिने त्याचं एकच उत्तर होतं, "होईल." आणि खरंच व्हायचं, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र चढावरची ती "मेथी" ऐकू येत होती.

एका सकाळी मी सगळ्यांना आमचा पळायचा नियम सांगितला आणि त्याला विचारलं, "डब्यात काय रे आज?"

"पोळी."

"नुसतीच?"

"हो."

बाकीचे हसले. मी मॅनेजरना फोन लावला. म्हटलं, या वेळी काम कमी घेऊ, नाहीतर हा पोरगा सोडून जाईल. ते म्हणाले, "एवढी एक स्प्रिंट काढा." मागच्या वेळीही हेच म्हणाले होते. मी भांडून दोन कामं कमी करून घेतली, तर क्लायंटने मागच्या दाराने आणखी तीन घुसवली. पुढच्याच आठवड्यात त्या पोराने राजीनामा दिला. मला संताप आला, पण तो काढायचं त्राण नव्हतं.

त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं जिना उतरत होतो. मी सवयीने विचारलं, "काय होतं डब्यात?"

"अहो ताई, काल आई आली ना गावाहून! तिनं नागलीची भाकरी अन् उडदाची डाळ दिली. लय दिवसांनी बसून, चावून जेवलो. आता महिनाभर तिच्याच हातचं खाणार, असं सांगितलंय तिला."

किती दिवसांनी तो एवढं बोलत होता! बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. आमच्यातून सुटल्यावरच त्याचा दम परत आला होता.

"अन् तुमच्या डब्यात काय होतं?"

"भेंडी," मी म्हटलं.

 तो हळू उतरायला लागला.