माळवदावर जाणारी नळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुनीमहाराजांपुढं बसलो होतो तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय, हेही मला नीटसं उमगत नाही. सांगायला लागलो की त्या नळीचंच वर्णन तोंडात येतं आणि खरी गोष्ट मागं राहते. आजही बहुधा तसंच होईल.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव बोरगावच्या अलीकडं. घरी जोंधळा, गहू आणि हंगामात अंगणभर पसरलेली तंबाखू. अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून साठवणीच्या धान्याला ऊन द्यायचं ते माळवदावर — घराच्या सपाट मातीच्या छतावर. खालच्या खोलीतल्या कणगीतून बुट्ट्या भरायच्या, शिडीनं वर चढवायच्या आणि धान्य पसरायचं. ऊन लागलं की धान्यातले सोंडे, म्हणजे ते बारीक काळे किडे, आपणहून चालत बाहेर पडतात. ते हलक्या हातानं गोळा करायचे आणि मूठभर धान्यासकट कुंपणाच्या सावलीत सोडून यायचं. आम्ही जैन. घरात हे काम दळणाइतकंच नेहमीचं.

आणि ते सगळं आक्काच्या ताब्यात. आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाही, दिवस मावळल्यावर घास घेणार नाही, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाय उचलून तशीच उभी. मी चिडवायचो, "आक्का, तू चालतीस कमी आन् थांबतीस लई." ती खळखळून हसायची. मला तिनंच वाढवलं, हेही सांगून ठेवतो. त्यानं गोष्ट सोपी होत नाही.

तिचे गुडघे गेले. शिडी चढताना तोंडातून कण्हणं यायचं, तरी बुट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही — गडीमाणसं धान्य आदळतात, जीव मरतात म्हणून. आप्पांनी ठरवलं, धान्य वर चढवायचं यंत्र आणायचं. बेळगावात राहून इंग्रजी शिकलेला घरातला मी एकटा. तेव्हा निवडायला मलाच धाडलं.

दुकानात यंत्रं दोन होती. एकात पट्ट्यावर ओळीनं पत्र्याचे डबे लावलेले. डबा खाली धान्य भरून घ्यायचा आणि वर जाऊन ओतायचा. दुसरी लोखंडी नळी, आत मळसूत्री पातं. दांडा फिरवला की धान्य पात्यावरून सरकत वर. दुकानदार कानडीत भराभर समजावत होता. कानडी मला येते. पण पट्टा किती ताणायचा, वरचं चाक कुठं बसवायचं, पट्टा घसरला तर काय — माझ्या डोक्यात काही शिरेना. पुन्हा विचारायची लाज वाटली. मान डोलवत राहिलो. नळी मात्र कळली. दांडा धरायचा आणि फिरवायचा.

त्यानं नळीत जुना गहू घालून दाखवला. वरून पडला तो मी ओंजळीत धरला. त्यात सोंडे होते — चिरडलेले. काही अर्धे, पाय हलत असलेले. पात्याच्या आणि नळीच्या मधल्या फटीत सापडत होते ते. मी गहू खाली टाकला, हात धोतराला पुसला आणि म्हणालो, हीच द्या.

का? इतकी वर्षं हेच विचारतोय स्वतःला. दुसरं यंत्र घरी नेऊन मला जोडता आलं नसतं, आणि आप्पांसमोर माझी शिकल्यासवरल्याची ऐट उतरली असती — एवढंच का? एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस असं करतो?

घरी आक्कानं नळीभोवती फेरी मारली, आत डोकावली आणि एकच विचारलं, "जीव मरत्यात का रं ह्यात?"

"न्हाय, आक्का. एकबी न्हाय."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझा शब्द तिला पुरला.

दांडा तीच फिरवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि मी? तिनं दांडा धरला की मी सूप आणि केरसुणी घेऊन आधी माळवदावर. वर पडणारं धान्य लगोलग पाखडायचं, चिरडलेलं मागच्या बाजूनं खाली लोटायचं, मग पसरायचं. ती धापा टाकत वर येईपर्यंत सगळं स्वच्छ. "पोरगं कसं कामसू झालंय बघा," असं ती शेजारपाजारी सांगायची. उन्हात सोंडे फार निघत नाहीत म्हणून तिला आनंद व्हायचा. औंदा कीडच लागली न्हाय, म्हणायची. मी हो म्हणायचो.

कधी वाटायचं, पाप तिला लागतच नाही, तिला ठाऊक कुठं होतं? मग वाटायचं, पण तिनं विचारलं होतं की. विचारूनच दांड्याला हात लावला होता. खरं बोललो असतो तर गुडघे मोडेपर्यंत ती बुट्ट्या घेऊन शिडी चढली असती, हेही खरं. मग मी तिचं भलं केलं का? माझं डोकं इथं येऊन गरगरतं. आणि दुकानात तिचे गुडघे मला आठवलेच नव्हते. ते कारण मी मागाहून शोधलं.

शेवटच्या दुखण्यात तिनं घरातल्या एकेकाला जवळ बोलावलं. आमच्यात जाण्याआधी सगळ्यांची क्षमा मागतात, आणि समोरच्यानंही उलट मागायची असते. माझी पाळी आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"लई चुकलो असंन मी. पर माझ्या हातनं जाणून जीव गेला न्हाय. तू नळी बघून आणलीस म्हणून म्हातारपणीबी ह्ये जमलं. तुला कधी वाईट बोललो असंन तर क्षमा कर, बाळा."

आता मी मागायची होती. नुसतं "आक्का, क्षमा" एवढंच. पण तिनं हसत "कशाची रं?" म्हटलं असतं तर?

मी मागितली नाही. तिला क्षमा केली, हात सोडवून घेतला आणि पुढच्या माणसाला जागा दिली.