चेहऱ्याचं शॉप बंद

शेवटच्या दुपारी आम्ही दोघं कारखान्याच्या रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरच्या अंगणात लाखोरीची भाजी खुडत बसलो होतो. मी जाड देठं तशीच टाकत होतो, बायको ती माझ्या ढिगातून वेचून फेकत होती. मधेच माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमी कोन जी? आमचे घरवाले आले तर रागावतीन."

"लय रागीट हायेत काय?"

"रागीट नाही. पन भाजी तुमच्यावानीच खराब खुडतात."

थट्टा होती, पण अर्धीच. मेंदूला झटका आल्यापासून तिला चेहरे ओळखू येत नव्हते. माझा नाही, पोरीचा नाही, आरशातला स्वतःचाही नाही. डोळे मात्र ठणठणीत. तांदळातला खडा मला दिसायचा नाही, तिला दिसायचा.

डॉक्टरनं समजावलं, डोळा फक्त माल पाठवतो. तो मेंदूच्या मागच्या भागात उतरतो, अन् तिथून पुढं कामं वाटलेली. रंग एकीकडे, हालचाल दुसरीकडे, चेहरे खालच्या बाजूला. तिच्या त्या खालच्या जागेला रक्त पोचलं नव्हतं. मी चौथी शिकलेला, पण जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला. तिथं प्रत्येक कामाचं शॉप, म्हणजे खातं, वेगळं.

"म्हणजे प्लांट चालू, एक शॉप बंद," मी म्हटलं. "चालू कधी होईन?"

तो रिपोर्टच उलटत बसला. समजलो.

मग ती कपड्यावरून, चालीवरून, आवाजावरून माणसं ओळखू लागली. एकदा पावर हाउस वस्तीच्या बाजारात माझ्यासारखंच कारखान्याचं जुनं निळं स्वेटर घातलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात तिनं थैली दिली. "अवो, वांगे दाबून पाहा ना, कावून उभे राहिले?" तो बिचारा मुकाट्यानं वांगी दाबू लागला.

घरी म्हटलं, "त्यालेच ठेवून घ्याचं होतं."

"इचार केला होता. थो आयकते तरी."

हसलो आम्ही. पण एकदा मी न बोलता मागून आलो, तर परका माणूस घरात शिरला म्हणून ती पोळ्यांचं बेलणं उगारून उभी राहिली. ते मला बोचलं. इतक्या वर्षांचा नवरा, अन् तिला माझीच भीती वाटावी! तेव्हापासून मी दारातूनच ओरडायचो, "मीच आहो!" लग्नातही एवढी ओळख दिली नव्हती.

भाजी खुडली त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, अन् कुंकू लावायला मला बोलावलं. मी सवयीनं दारातूनच ओरडायला तोंड उघडलं, तर एक जण म्हणाली, "बाबूजी, आता काही बोलू नका."

मी तिच्या कानाशी वाकलो. "भेऊ नको. मीच आहो," म्हटलं, अन् मग तिच्या कपाळाला हात लावला.